मलिक, चंदू आणि आम्ही दोघे

परवा रात्री ‘कंपनी’ पुन्हा पाहिला. रामगोपाल वर्माचा हा सिनेमा २००२ साली आला, तेव्हा थिएटरात माझ्या शेजारी माझा मित्र होता. तिकिटं त्याची, समोसे माझे. आज आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

मलिक आणि चंदू नागरे. अजय देवगणचा मलिक कमी बोलणारा, थंड डोक्याचा. विवेक ओबेरॉयचा चंदू चाळीतला मराठी पोरगा, लगेच भडकणारा. दाऊद आणि छोटा राजन यांच्यावरून ही पात्रं घेतली आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं. राजननं फारकतीचं कारण १९९३चे बॉम्बस्फोट सांगितलं आणि लोकांनी एकाला मुस्लिम डॉन, दुसऱ्याला हिंदू डॉन करून टाकलं. त्यामुळे मी खुर्चीत अंग चोरून बसलो होतो. आता धर्म येणार आणि मित्रासमोर मला मान खाली घालावी लागणार, असं वाटत होतं.

तो आलाच नाही. एका राजकारण्याला मारायची सुपारी असते. ऐनवेळी कळतं, गाडीत मुलं आहेत. चंदू थांबा म्हणतो, मलिक काम पुरं करायला सांगतो. तिथं जे तुटतं ते पुन्हा जुळत नाही. मग मधली माणसं कान भरतात, संशय वाढतो आणि हाँगकाँग, नैरोबीपर्यंत माणसं मरत जातात. दोघेही खुनीच. त्यांच्यासाठी रडावं असं काही नाही. पण दोस्ती कशी मरते, ते सिनेमानं खरं दाखवलं.

आमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान भागीदारीत होतं. एकदा हिशोबात चाळीस हजारांचा फरक निघाला. मी त्याला विचारलं नाही, त्याच्या चुलत भावाला विचारलं. त्याच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चावी काउंटरवर ठेवली आणि निघून गेला. पैसे पुढे माझ्याच वहीत सापडले. एक नोंद दोनदा झाली होती.

आमच्या मोहल्ल्यात लोक म्हणाले, “शेवटी तो त्यांच्यातलाच.” त्याच्या गल्लीत माझ्याबद्दल हेच बोललं गेलं. मी ते खोडलं नाही. कारण धर्मावर ढकललं की माझी चूक झाकली जात होती.

सिनेमात शेवटी दोघं फोनवर बोलतात, वैर मिटवतात. पण मलिकला मारायला निघालेल्या कोडा सिंगपर्यंत निरोप पोहोचत नाही आणि मलिक मरतो.

आमच्यात कुणी पिस्तूल घेऊन निघालेलं नाही. त्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे. उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर फोन करणार आहे. आधी वहीतली ती नोंद सांगेन.