दारात अडकलेली पुंगळी

मे महिन्यात चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, सकाळी सहालाच पोचावं लागतं. नऊ वाजले की वर्ध्याच्या उन्हात लोखंडाला हात लावायची सोय राहत नाही. त्या दिवशी नवी पिस्तुलं पहिल्यांदा बाहेर काढली होती. आखूड नळीची, प्लॅस्टिकच्या सांगाड्याची, साध्या कपड्यातल्या गार्डला कमरेला लपवता यावीत अशी. आर्वीकडची एक तरुण शिपाई पहिल्या फळीत होती. तीन गोळ्या नीट गेल्या. चौथीचा आवाज झाला आणि पुढं चाप दाबला तर काहीच नाही. तिनं नळी टार्गेटकडंच ठेवली, डावा हात वर केला.

"उस्ताद, अडकलं जी."

जवळ जाऊन पाहिलं. स्लाइड अर्धवट उघडी आणि तिच्या तोंडात रिकामी पुंगळी आडवी आलेली, दाराच्या फटीत काठी अडकावी तशी. पुंगळी काढली, पिस्तूल पुन्हा हाती दिलं. त्या सकाळी साठ गोळ्या उडाल्या आणि पाच वेळा हात वर झाले.

मी जिल्हा पोलिसांचा आर्मोरर होतो. कोतातल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या, रॅकवर हत्यारं मांडणं, उघडणं, पुसणं, तेल देणं, हिशेब ठेवणं यात माझी उमर गेली. बहुतेक काळ ९ एमएमच्या जुन्या लोखंडी पिस्तुलात. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ब्राउनिंगच्या नमुन्यावर बनणारं ते पिस्तूल हातात घेतलं की किलोभर वजन जाणवतं आणि मॅगझिनमध्ये तेरा काडतुसं बसतात. त्याच्यातही दोष होतेच. पण ते माझ्या ओळखीचे होते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखे. नवं पिस्तूल का अडकतं हे मला कळत नव्हतं आणि त्या न कळण्यानं माझी झोप गेली.

प्लॅस्टिक म्हणून आमचे लोक त्याला नाकं मुरडत. ते मात्र मला पटलं नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८२ साली ग्लॉकचं प्लॅस्टिक सांगाड्याचं पिस्तूल स्वीकारलं, त्यानंतर जगभरच्या पोलिसांनी तशीच घेतली. सांगाडा प्लॅस्टिकचा असला तरी नळी आणि स्लाइड पोलादाचीच असते. अडचण हलकेपणाची आणि आखूडपणाची आहे, आणि ती समजायला आत काय घडतं ते पाहावं लागतं.

गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं स्लाइड मागं जाते. जाताना तिची नखी रिकामी पुंगळी नळीतून ओढून काढते आणि ती बाहेर भिरकावली जाते. मग दाबलेली स्प्रिंग स्लाइडला पुढं लोटते, स्लाइड मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून नळीत सारते आणि दार बंद होतं. डोळ्याची पापणी लवेपर्यंत हे सगळं उरकलेलं असतं. लांब पिस्तुलात स्लाइडला जायला-यायला ऐसपैस जागा असते. आखूड पिस्तुलात ती जागा कमी, म्हणून स्प्रिंग कडक, म्हणून चुकायला वाव कमी. त्यात स्लाइड मागं जाताना सांगाडा जागेवर थांबायला हवा. जात्याचा खालचा दगडच वरच्याबरोबर फिरू लागला तर दाणे भरडले जात नाहीत, तसंच हे. लोखंडी सांगाडा आपल्या वजनानं थांबतो. हलका सांगाडा मनगटानं थांबवावा लागतो. मनगट सैल पडलं की स्लाइडचा फेरा अपुरा राहतो आणि पुंगळी दारात सापडते.

हे मी आज सरळ सांगतो आहे. तेव्हा माझ्याजवळ फक्त पाच वेळा वर झालेले हात होते. कोणतं पिस्तूल, कोणतं मॅगझिन, कोणाचा हात, कितवी गोळी, काहीच मी टिपलं नव्हतं. साठ काडतुसं उडाली आणि शिकायला काही मिळालं नाही, याची बोच मला अजून आहे. पोलिसांत काडतूस म्हणजे रोकड असते. सरावाच्या गोळ्या मोजून मिळतात आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. एक कमी भरली तर अख्खी तुकडी गवतात ओणवी होते. परदेशातले लोक नवं पिस्तूल चारपाचशे गोळ्या उडवून मोकळं करून घेतात असं ऐकत होतो. आम्हाला तेवढ्या आणायच्या कुठून?

अर्ज केला. ऐंशी मंजूर झाल्या. चार पिस्तुलांची मिळून आठ मॅगझिन होती. त्यांच्या बुडाला पांढऱ्या रंगानं एक ते आठ आकडे घातले, शाळेची शंभर पानी वही आणली, रकाने आखले. प्रत्येक मॅगझिनच्या दहा गोळ्या, त्याही पिस्तुलं आणि माणसं बदलून. या वेळी सहा वेळा अडकलं. सहापैकी चार वेळा पाच नंबरचं मॅगझिन आत होतं, पिस्तूल कुठलंही असो. काडतुसाचं नाक नळीच्या तोंडाशी ठेचत होतं. संध्याकाळी कोतात दिव्याखाली पाच नंबर आणि सहा नंबर शेजारी धरून किती वेळ बघत बसलो. वरच्या दोन ओठांपैकी डावा ओठ केसभर आत दबलेला. नखानं कळेल इतकाच फरक. तेवढ्यानं काडतूस खाली नाक करून बसत होतं. माझे वडील हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये फिटर होते. यंत्र बंद पडलं तर आधी खाऊ घालणारी बाजू बघ, असं ते सांगत. मॅगझिन ही पिस्तुलाची खाऊ घालणारी बाजू आहे, आणि सगळ्यांत शेवटी तिच्याकडं लक्ष जातं.

उरलेल्या दोन वेळा पुंगळी दारात अडकली होती. दोन्ही वेळा हात आर्वीच्या पोरीचाच.

याच सुमारास आमच्या तक्रारीवर पुरवठादाराचं उत्तर आलं. हत्यारात दोष नाही, वापरणाऱ्याची पकड सैल आहे. मला ते पत्र फार लागलं, कारण ते अर्धं खरं होतं. पुढच्या सरावात मी स्वतः मुद्दाम मनगट ढिलं सोडून उभा राहिलो. जुन्या लोखंडी पिस्तुलातून पाच गोळ्या, नव्यातून पाच. जुनं एकदाही थांबलं नाही. नवं दोनदा थांबलं. वीस वर्षं हत्यारं हाताळलेल्या माणसाच्या हातात थांबलं. पकड सुधारता येते आणि ती तिनं सुधारलीच, दोन आठवडे रिकाम्या पिस्तुलावर आणि ड्रिल काडतुसांवर घाम गाळून. पण ड्यूटीवरचा हात थकलेला असतो, घामट असतो, कधी जखमी असतो, कधी दुसऱ्या हातात कोणाचा तरी दंड असतो. ज्या हत्याराला नेहमी उत्तम पकड लागते, त्याच्याबद्दल हे आधी सांगायला हवं होतं.

तेलाची गोष्ट छोटी आहे. पिस्तुलं आली तेव्हा आत साठवणीचं घट्ट ग्रीस होतं. आमच्या पोरांनी ते नीट न काढता वरून तेल ओतलं. काळ्या मातीची धूळ मैद्यासारखी असते. ती तेलात बसली की लेप तयार होतो. सगळं धुऊन फक्त घासणाऱ्या जागी एकेक थेंब दिला, तेवढ्यानं स्लाइडचा आवाज बदलला.

काडतुसांकडंही मी शंकेनं पाहिलं. आमच्या जिल्ह्यात ती शंका पुस्तकातून येत नाही. ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री पुलगावच्या दारूगोळा डेपोत आग लागली. डेपोशेजारच्या आगरगावची माणसं लेकरं उचलून अंधारात पळाली. आग विझवायला आत गेलेले अधिकारी, जवान आणि अग्निशामक दलाचे लोक प्राणाला मुकले. सदोष सुरुंगांतून झिरपलेली स्फोटकं हे कारण पुढं आलं. दारू बंद पेटीतही स्वस्थ बसत नाही, हे तेव्हापासून मला प्रत्येक पेटी उघडताना आठवत असे. आमचा लॉट मात्र ठीक निघाला. त्याच पेटीतली काडतुसं जुन्या पिस्तुलात विनातक्रार उडाली.

लोक मला विचारत, सेवाग्रामची गांधीजींची कुटी इथून आठ किलोमीटरवर, आणि तुम्ही पिस्तूल नीट उडावं म्हणून एवढं झुरता? मी झुरत होतो. ज्या गार्डचा हत्यारावर भरवसा नसतो तो लवकर घाबरतो. लवकर घाबरतो म्हणून लवकर उपसतो, आणि पहिली उडेल की नाही या धास्तीनं घाईत चाप दाबतो. ज्याचा भरवसा पक्का असतो त्याला थांबता येतं, समोरच्याशी आणखी दोन वाक्यं बोलता येतात. माझ्या नोकरीत मी हत्यार न उपसता परत आलेले गार्ड पाहिले आहेत. संध्याकाळी त्यांचं पिस्तूल जसंच्या तसं कोतात जमा होताना मला जो आनंद होई, तो चांदमारीवरच्या कुठल्याही नेमानं दिला नाही.

म्हणून साहेबांना सांगितलं, लागोपाठ दोनशे गोळ्या न अडकता गेल्याशिवाय यातलं एकही पिस्तूल ड्यूटीवर देणार नाही. नाराजी झाली. नवी कपाटात आणि जुनी कमरेला, हे कागदावर बरं दिसत नव्हतं. पण साहेबांनी सही केली. पाच नंबरचं मॅगझिन बदलून आलं, त्याला मी पुन्हा पाच नंबर दिला नाही, नऊ दिला. गोळ्या थोड्या थोड्या मिळत गेल्या. स्प्रिंगा वापरानं बसत गेल्या. वहीतले रकाने पावसाळ्यात भरत राहिले, दिवाळीनंतरही भरत राहिले.

तिच्या पिस्तुलाच्या शेवटच्या दहा गोळ्या डिसेंबरात झाल्या. थंडी होती, तिच्या तोंडातून वाफ निघत होती. दहाही गेल्या. तिनं पिस्तूल रिकामं करून दाखवलं, मग माझ्या हातातली वही घेतली आणि दोनशेचा आकडा स्वतः लिहिला. पुंगळ्या मोजल्या तर नऊच भरल्या.

"उस्ताद, एक कमी हाये."

दवानं गवत भिजलं होतं. ती डावीकडून आणि मी उजवीकडून, आम्ही शोधत पुढं सरकत राहिलो. ऊन चांगलं वर आलं तेव्हा पुंगळी तिच्याच बुटाच्या ठशात मातीत दबलेली सापडली.