विमान बांधावे की विकत घ्यावे?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. आमची ही दोन्ही कामे करून झाली आहेत. दौंडला दोन खोल्यांचे घर बांधले, पुढे त्याचे चार खोल्यांचे झाले. दोन मुलींची लग्ने झाली. आता उरलेले दिवस पेन्शन घेत आणि वर्तमानपत्र वाचीत जावेत, एवढीच माझी अपेक्षा होती. परंतु माझ्या धाकट्या मेहुण्याने त्या म्हणीला तिसरे शेपूट जोडले आहे. त्याला विमान हवे आहे.

मेहुणा शिरूरचा. रांजणगावच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीत तीस वर्षे काढून तो गेल्या वर्षी निवृत्त झाला. शेतातला पंप असो, शेजाऱ्याची मोटारसायकल असो की देवळाचा लाउडस्पीकर असो, बिघडलेली वस्तू याच्या हाती गेली की मुकाट्याने चालू लागते. अशा माणसाला निवृत्त करणे हाच एक अपघात आहे. दोन महिने त्याने घरातल्या सगळ्या कड्याकोयंड्यांना तेल घातले, आणि तिसऱ्या महिन्यात एसटीने चौफुल्यावरून दौंडला येऊन, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, मला विचारले, "दाजी, विमान स्वतः बांधलेलं बरं, की कुणी बांधलेलं आयतं घेतलेलं बरं?"

विमान घ्यावे की न घ्यावे हा प्रश्नच त्याच्या लेखी उरला नव्हता. ही युक्ती मी ओळखतो. मुलीही लहानपणी "सर्कशीला जाऊ का" असे न विचारता "दुपारच्या खेळाला जाऊ की रात्रीच्या" असे विचारीत.

मी हसण्यावारी नेले असते. पण न्हावऱ्याच्या रस्त्याला त्यांची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे, आणि त्यातला एक एकर विकून हा विमान आणणार होता. २००५ साली कायदा बदलल्यापासून मुलीचाही वाटा मुलाइतकाच असतो. म्हणजे आमच्या सौ.ची सही झाल्याखेरीज तो एकर विकणे नाही. विमान असे शिरूरहून उडून थेट आमच्या माजघरात उतरले.

विमान घरी बांधता येते हे कित्येकांना खरे वाटणार नाही. खरे तर पहिले विमान घरीच बांधलेले होते. १९०३ साली उडालेले राइट बंधू सायकलींचे दुकान चालवीत, आणि त्यांचे इंजिन त्यांच्याच दुकानातल्या मेकॅनिकने तयार केले होते. अमेरिकेत आजही हजारो लोक गाडीच्या गॅरेजात विमान बांधतात. कोणी नुसते नकाशे विकत घेतो आणि लाकूड, पत्रा, कापड स्वतः जमवतो. कोणी 'किट' मागवतो. म्हणजे कापून, भोके पाडून ठेवलेले भाग पेटीतून येतात, आणि आपण ते पुस्तकात पाहून जोडायचे. तिथला नियम असा, की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी आणि आनंदासाठी केलेले असले पाहिजे. तरच त्या विमानाला घरगुती विमान म्हणून परवाना मिळतो. सुरुवातीचे ठराविक तास ते ठरवून दिलेल्या हद्दीत, उतारू न घेता उडवून दाखवावे लागते.

किटे आपल्या देशातही होतात. बंगळूरच्या राजहंस कंपनीची हलकी विमाने किटच्या रूपाने परदेशीही गेली आहेत. मेहुण्याचे मन मात्र अमेरिकेतल्या दोन आसनी, सगळ्या अॅल्युमिनियमच्या विमानावर बसले होते. अशा विमानाला दोन हजार तासांचे काम धरावे असे जाणकार सांगतात. मी पंचांगाच्या पाठीवर हिशेब मांडला. रोज दोन तास, एकही सुट्टी नाही, पाहुणा नाही, सुतक नाही, तर हजार दिवस. खर्च इंजिनासकट लाख डॉलरच्या पलीकडे. म्हणूनच तो एकर.

"पण दाजी," तो म्हणाला, "आपल्या अमोल यादवांनी केलंच ना?"

हे नाव त्याने देवासारखे घेतले, आणि त्यात काही चूक नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. इंजिनासारखी धुडे अरुंद जिन्याने वर चढवली. २०१६ च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले. मी मेहुण्याला एवढेच म्हटले, की यादव हे मुळात वैमानिक आहेत. आणि विमान तयार होऊन प्रदर्शनात मांडल्यावरही ते आकाशात जायला चार वर्षांहून अधिक काळ गेला. तुझे हजार दिवस संपतील तेव्हा कागदांचे दिवस सुरू होतील. शिवाय पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा. शिरूरहून मन मानेल तेव्हा, मन मानेल तिकडे उडायला ते काही कबूतर नव्हे.

माझ्या एका स्नेह्यांनी या चर्चेत शिवकर बापूजी तळपदे यांना आणले. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडवले, मग आपल्याला अमेरिकेची किटे कशाला, असा त्यांचा सवाल. तळपद्यांच्या ध्यासाबद्दल मला आदर आहे. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला भरवशाचा पुरावा नाही. आणि ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा हवाला दिला जातो, त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी १९७४ साली तपासून सांगितले आहे. अभिमानावर पतंगसुद्धा उडत नाही, त्याला वारा लागतो. असो.

मला आठवत होते ते दुसरेच. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीला चोवीस वर्षांचा एक तरुण होता. शाळा आठवीत सुटलेली, हाती वेल्डिंगचे काम. त्याने स्वतःच्या बुद्धीने हेलिकॉप्टर बांधले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चाचणी घेताना पंखा तुटून त्याच्या डोक्याला लागला आणि तो गेला. हात त्याचे आमच्या मेहुण्याइतकेच कुशल असतील. तुटणारा भाग तुटण्याआधी पाहणारा दुसरा कोणी तिथे नव्हता, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

ती जाणारही नाही, कारण माझी नोकरीच ती होती. रेल्वेत गाड्या तपासण्याच्या खात्यात मी छत्तीस वर्षे होतो. गाडी दौंडला थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोके देत जायचे. चाक शाबूत असेल तर ठणकन वाजते, तडकलेले असेल तर बद्द बोलते. बद्द बोलले की डबा काढून बाजूच्या रुळावर उभा करायचा. वर आकाशात बाजूचा रूळ नसतो.

मग आयतेच घेतले तर? दुसऱ्याने बांधून, उडवून, कंटाळून विकायला काढलेले विमान किटपेक्षा स्वस्तही पडते. पण घरगुती विमान म्हणजे घरगुती स्वयंपाक; मीठ कुठे ठेवले आहे ते करणारणीलाच ठाऊक. जॉन डेन्व्हर हा अमेरिकेचा नामांकित गायक, विमान चालवण्यात मुरलेला. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने दुसऱ्याने बांधलेले 'लाँग-ईझी' जातीचे विमान घेतले. एका टाकीतून दुसऱ्या टाकीवर इंधन बदलण्याची तोटी बांधणाराने मूळ नकाशा सोडून डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवायची तर चालत्या विमानात मागे वळावे लागे. नव्या मालकाला त्या विमानाची पुरती सवय झाली नव्हती, टाकीत इंधनही थोडके होते. विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडले आणि तो गेला. बांधणाराला ती तोटी अडचणीची वाटलीच नसेल, सोयीचीच वाटली असेल.

हे ऐकून मेहुणा खूश. "म्हणजे स्वतः बांधलेलंच बरं!"

त्यावर मी त्याला त्याच्या लाडक्या कंपनीची हकिगत सांगितली. अकरा हजारांहून अधिक विमाने जिच्या किटांतून उडाली, त्या व्हॅन्स एअरक्राफ्टने काही काळ पत्र्यातली भोके लेसरने पाडून घेतली होती. जोडणी करताना त्यांतल्या काही भोकांच्या कडांना तडे जाऊ लागले. लोकांनी महिनोन् महिने खपून बसवलेले भाग बदलण्याची पाळी आली. २०२३ च्या डिसेंबरात कंपनीला न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले. पुढच्या वर्षी ती त्यातून सावरली, पण आगाऊ पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांना वाढीव किंमत सोसावी लागली. एक एकर विकून पैसे भरायचे, आणि पेटी यायच्या आत असे झाले तर?

मेहुणा गप्प झाला. तो गप्प झाला की मला वाईट वाटते. बारामतीच्या शिकाऊ विमानांचा आवाज आला की हा साठीचा माणूस शेतात डोळ्यांवर हात धरून उभा राहतो, हे मी पाहिले आहे. कारखान्यात तीस वर्षे दुसऱ्याची यंत्रे दुरुस्त केली. आपले म्हणावे असे एकही यंत्र त्याने बांधलेले नाही. हे त्याने मला सांगितले नाही, बहिणीला सांगितले.

आणि निकाल दिला तो बहिणीनेच. लसूण सोलता सोलता तिने विचारले, "सगळं विमान एकदमच घ्यावं लागतं का रे?"

"नाही ताई. आधी शेपटी येते, मग पंख, मग धड. वेगवेगळं मिळतं."

"शेपटीला किती?"

"काही हजार डॉलर. पेटीचं जहाजभाडं आणि जकात निराळी."

"तुझ्या ग्रॅच्युइटीत बसतं?"

तो म्हणाला, बसते.

"मग शेपटी आण. जमिनीच्या कागदावर मी सही करणार नाही. ती आबांची आहे, ती उडायची नाही. शेपटी नीट झाली तर पंखांचं बघू. आणि यांनी ठोकून पाहिल्याशिवाय एकही भाग पुरा झाला म्हणायचा नाही."

मी सांगितले, की पातळ पत्रा हातोडीने तपासत नाहीत. भिंग लागते, विजेरी लागते, रिव्हेटचे माप घ्यायची पट्टी लागते. "मग ते घ्या," ती म्हणाली. विमान शिरूरला असताना मी दौंडहून कसा तपासणार, या शंकेवर तिचे उत्तर असे, की एसटी आहे, ज्येष्ठांना सवलत आहे, आणि नाहीतरी तुम्ही घरी बसून काय करता?

घोडनदीचे पाणी पुढे भीमेला मिळून आमच्या दौंडवरून जाते; सासरच्या निर्णयांचेही तसेच आहे.

शेतातल्या कांदाचाळीशेजारची पत्र्याची खोली मेहुण्याने रिकामी केली आहे. लोखंडी टेबल रांजणगावच्या भंगारवाल्याकडून आले. सरावासाठी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणून त्याने पहिले चाळीस रिव्हेट मारले. गेल्या गुरुवारी मी भिंग लावून ते पाहिले आणि अकरा नापास केले. तो रागावला, जेवायला बसेपर्यंत बोलला नाही. जेवल्यावर ड्रिल घेऊन अकराही काढले आणि पुन्हा मारले. त्यातले दोन मी पुन्हा नापास केले आहेत.