बिदरच्या ओट्यावर

प्रवासास निघतांना घाई घरीं ठेवून निघावें, असें आमचे वडील म्हणत. हा उपदेश आम्हांस साठी उलटल्यावर, आणि तोही बिदर शहरांतील एका कारागिराच्या ओट्यावर बसल्यावर समजला, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

उदगिराहून बिदर मोटारीनें सुमारें दोन तासांच्या वाटेवर आहे. आज तें कर्नाटकांत असलें, तरी १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, अहमदपूर व निलंगें हे तालुके बिदर जिल्ह्यांतच मोडत. त्यामुळें तेथील बाजारांत मराठी बोललें तर कोणी वळून पाहत नाहीं. शिवाय ज्या घरांत दामाजीपंतांची कथा ऐकली गेली आहे, त्या घरास बेदरच्या पादशहाचें नांव परकें नाहींच.

शहर पाहण्यास आम्हीं एकच दिवस राखला होता. सकाळीं महमूद गवानाचा १४७२ सालचा मदरसा पाहिला; मग किल्ल्यांतील रंगीन महालांत गेलों. तेथें काळ्या दगडांत शिंपल्याचें चकाकतें कवच बसवून केलेली वेलबुट्टी आहे. काळ्यावर शुभ्र उठवावयाचें, ही जी युक्ति तेथें दगडांत दिसते, तीच धातूंत उतरली म्हणजे तिला बिदरी काम म्हणतात. या कामास २००६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि २०२३ सालीं बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांस पद्मश्री देऊन सरकारनें त्याचा गौरव केला.

आमची ओढ मात्र केवळ पाहण्याची नव्हती. नातीचें लग्न बारा दिवसांवर आलें होतें. करंड्याच्या घाटाची एक बिदरी डबी तिला द्यावी, झाकणावर तिचें नांव नागरींत असावें, आणि नक्षी दुकानांत मांडलेल्या शंभर डब्यांसारखी नसून अगदीं नवी असावी, असें घरांतील मंडळींनीं बजावून सांगितलें होतें. चौबाऱ्याच्या आसपास विचारपूस करीत आम्ही एका वृद्ध उस्तादांच्या ओट्याशीं पोंचलों. मागणी सांगितली आणि विचारलें, “चार दिवसांत होईल ना?”

उस्ताद हंसले. दख्खनी मिसळलेल्या मराठींत म्हणाले, “मास्तरजी, नेहमीची वेल घ्याल तर चार दिवसांत देतों. नवी नक्षी पाहिजे तर पंधरा दिवस. पैसे थोडे कमी द्या, पण दिवस कमी करूं नका.”

आम्हांस हें उत्तर रुचलें नाहीं. डबी तीच, चांदी तेवढीच, हातही तेच. मग अकरा दिवसांचें अंतर कशाचें? आमचा चेहरा पाहून त्यांनीं आम्हांस बसवून घेतलें व काम दाखविलें.

जस्ताच्या सोळा भागांस तांब्याचा एक भाग घेऊन भांडें मातीच्या सांच्यांत ओततात. मग तें कानशीनें घांसून गुळगुळीत करितात. त्यावर मोरचुदाचें पाणी फिरविलें कीं अंग काळसर होतें आणि टोंकदार सळईनें ओढलेली प्रत्येक रेघ पांढरी उठून दिसते. ही आंखणी हातानेंच होते. नंतर भांडें लाखेच्या बैठकीवर घट्ट बसवून लहान लहान छिन्न्यांनीं रेघा खोल कोरितात, खांचेंत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात, आणि पुन्हां सर्व घांसून सपाट करितात. शेवटीं भांडें किंचित् तापवून त्यावर किल्ल्यांतील जुनी माती नवसागरासह चोळतात. त्या मातीनें जस्त कायमचें काळें होतें, चांदी मात्र तशीच शुभ्र राहते. तेलाचा हात फिरला कीं काम पुरें.

“यांत घाई कोठें चालते?” आम्हीं विचारलें.

“ओतण्यांत चालते, घांसण्यांत चालते. घांसण्यास आतां विजेचें चाक आहे. त्यानें माझा अर्धा दिवस वांचतो, त्याला मी दुवा देतों. वेल कोरण्यांतही चालते, कारण ती माझ्या हाताला पाठ आहे. पण नवें फूल पाठ कसें असेल?”

एवढें बोलून त्यांनीं एक कोरें झाकण हातांत घेतलें व नुसते पाहत बसले. सळई हातांतच होती. दहा मिनिटें झालीं, वीस झालीं. आम्ही घड्याळाकडे पाहूं लागलों. म्हातारपणामुळें त्यांस डुलकी लागली कीं काय, अशी शंकाही मनांत आली. इतक्यांत सळई टेंकली, आणि एका दमांत एक लांब वांकलेला देंठ उमटला. तो ओढण्यास क्षणभरही लागला नाहीं. तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, ज्या अर्ध्या तासास आम्ही खोळंबा समजत होतों, तेंच खरें काम होतें.

आमच्या संस्कृत पंडितांनीं ही गोष्ट जाणली होती. मम्मटानें काव्याच्या कारणांत प्रतिभा, निपुणता आणि अभ्यास हीं तिन्ही एकत्र सांगितलीं, एकट्या प्रतिभेवर तो थांबला नाहीं. आम्हीं हें कितीदां वर्गांत शिकविलें असेल! परंतु येथें एक जुना प्रसंग आठवून मन खालीं गेलें. आमच्या वर्गांत एक मुलगा होता. अक्षर रेखीव, आणि निबंधांत स्वतःचें असें कांहीं तरी असावयाचें. परंतु तीन तासांत त्याची उत्तरपत्रिका कधीं पुरी होत नसे. आम्हीं त्यास साऱ्या वर्गासमोर “कासव” म्हणून हिणविलें. वर्षभरांत तो भराभर लिहूं लागला, पेपर पुरे होऊं लागले, गुणही वाढले. मात्र त्याचें अक्षर गेलें, आणि निबंध इतर चाळीस मुलांच्या निबंधांसारखे झाले. त्या वेळीं आम्हांस तो आपल्या शिकवण्याचा विजय वाटला होता.

परीक्षेचें घड्याळ कोणासाठीं थांबत नाहीं हें खरें. पण उस्तादांचें पोटही थांबत नव्हतें. त्यांस मजुरी नगावर मिळते, दिवसांवर नाहीं. म्हणून त्यांनीं आपली वांटणी ठरविली होती. आठवड्यांतील पांच दिवस पाठ असलेल्या वेली कोरून घर चालवावयाचें, आणि दोन दिवस, तेही सकाळच्या उजेडांत, नव्या नक्षीसाठीं राखावयाचे. “रोज नवें करीन तर उपाशी मरेन,” ते म्हणाले, “आणि रोज जुनेंच करीन तर हात मरेल.” घाई कोठें करावी आणि कोठें थांबावें, एवढेंच त्या मुलास शिकवावयाचें होतें. आम्हीं त्यास फक्त घाई शिकविली.

नागरी अक्षरांचा विषय निघाला तेव्हां आम्हीं त्यांस मिरजेची हकीकत सांगितली. १८०५ सालीं तेथें भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर हातानें अक्षरें कोरून. श्लोक सातशें, एका श्लोकास किमान बत्तीस अक्षरें धरलीं तरी हिशोब बावीस हजारांवर जातो, आणि छापावयाचीं म्हणून तीं सर्व उलटीं कोरावयाचीं. आम्हांस वाटलें, किती दिवस लागले असें ते विचारतील. त्यांनीं विचारलें, “शेवटचें अक्षर पहिल्यासारखें आलें होतें का?”

अखेर तोड त्यांनींच काढली. डबीच्या अंगावर पाठ असलेली वेल घालावी, तिला दिवस थोडे लागतील. वांचलेले सारे दिवस झाकणावर खर्च करावे. तेथें नवी नक्षी आणि नांव. दहाव्या दिवशीं डबी तयार ठेवूं, असा त्यांनीं शब्द दिला. आम्हीं कागदावर नातीचें नांव शक्य तितक्या सुवाच्य अक्षरांत लिहून दिलें. तें लिहावयास आम्हांस तीन कागद लागले.

दहाव्या दिवशीं आमचा पुतण्या बिदरला जाऊन डबी घेऊन आला. अंगावर नेहमीची वेल आहे. झाकणावर एकाच वांकलेल्या देंठावर मोगऱ्याचीं तीन फुलें आणि एक मिटलेली कळी आहे. कळीखालीं नांव, आणि त्याची शिरोरेषा कोठेंही हललेली नाहीं. नातीनें बराच वेळ झाकणावरून बोट फिरविलें व मग कळी अजून उमलली कां नाहीं, असें विचारलें. घरांतील वडील बायकांनीं किंमत विचारली. आम्हीं किंमत सांगितली आणि दिवसही सांगितले.

वाचकांपैकीं कोणी बिदरला जाणार असतील त्यांनीं निदान दोन दिवस हातीं ठेवावे, आणि कांहीं करवून घ्यावयाचें असल्यास कार्याच्या महिनाभर आधीं जावें. त्या विद्यार्थ्याचा पत्ता आम्हीं मिळविला आहे. आतां तो स्वतः दोन मुलांचा बाप आहे. त्यास पत्र लिहावयास बसलों आहों. चार दिवस झाले, अद्यापि पहिलेंच वाक्य चाललें आहे.