सातवी आवृत्ती

समुद्रपूरला समुद्र नाही, त्यामुळे गोल्फचं मैदान नाही याचं आम्हांला कधी वाईट वाटलं नाही. कापूस, तूर, सोयाबीन आणि जामच्या चौकातून जाणारा नागपूर-हैदराबाद रस्ता, एवढ्यावर तालुक्याचं भागतं. चेंडूच हवे असतील तर गिरडच्या टेकडीवर गोल दगड आहेत. शेख फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, तेच हे, अशी आख्यायिका आहे.

तरीपण 'द गोल्फिंग मशीन' या ग्रंथाच्या दोन आवृत्त्या या गावात आहेत आणि दोन्ही माझ्याच कपाटात आहेत. एक 1969 ची पहिली, दुसरी 2006 ची सातवी. अमेरिकेतल्या माझ्या थोरल्या भावानं घर आवरताना त्या पार्सलनं धाडल्या. सोबत दादाचा हुकूम : दोन्ही ताडून पाहा अन् फरक सांग, मला आता बारीक अक्षर लागत नाही.

ग्रंथकर्ते होमर केली. या गृहस्थांना पहिल्या डावात 116 फटके लागले, सहा महिन्यांनी 77. दुसरा कोणी असता तर पेढे वाटून मोकळा झाला असता. केलीसाहेब 'हे असं झालं कसं?' म्हणून विचार करायला बसले, ते जवळजवळ तीस वर्षांनी पुस्तक घेऊनच उठले! एका फटक्याचे त्यांनी चोवीस भाग पाडले आणि प्रत्येक भागाचे निदान तीन प्रकार सांगितले. मी पडलो निवृत्त गणित शिक्षक. तीनाचा चोविसावा घात काढला, तर उत्तर 28 हजार कोटींच्या वर गेलं. यातला आपला फटका कोणता, ते ज्याचं त्यानं हुडकायचं. आमच्याकडे सोयरीक मोडायलासुद्धा इतक्या वाटा नसतात.

1983 साली वारेपर्यंत केलीसाहेब पुस्तक दुरुस्त करीत होते. सातवी आवृत्ती त्यांच्या माघारी निघाली.

शेजारच्या भाऊंनी पुस्तक उलटंसुलटं करून विचारलं, "गुरुजी, हे मशीन डिझेलवर चालते का जी?"

"नाही हो, डाव्या मनगटावर."

यात थट्टा नाही. चेंडूला काठी लागते तेव्हा डावं मनगट सपाट हवं, हा या ग्रंथाचा मुख्य कायदाच आहे.

छापील फरकांनी वहीची अकरा पानं भरली. पण खरा फरक समासात सापडला. पहिल्या आवृत्तीत, मनगटाच्या मजकुराशेजारी, दादानं पेन्सिलीनं मराठीत लिहिलंय : 'विटी टोलवताना असंच.' आणि त्याखाली : 'बापू हे न वाचता करायचा.' बापू म्हणजे मी. सातव्या आवृत्तीचे समास मात्र कोरे करकरीत.

दादाचा फोन दर रविवारी येतो. वहिनी गेल्यापासून बोलायला विषयच उरला नव्हता. तब्येत दोन मिनिटं, पाऊस एक मिनिट, मग "बरं, ठेवतो." आता तासभर फटक्याचे भाग चालतात. चोविसांपैकी सहा झालेत. दोघांनाही घाई नाही.

गेल्या रविवारी त्यानं हळूच विचारलं, "जुन्या पुस्तकात समासात काही दिसलं का रे?"

"अजून तिथवर पोचलो नाही," मी म्हटलं.

"सावकाश वाच," दादा म्हणाला. "मधल्या पाच आवृत्त्या कुठं मिळतात का, तेही पाहतो मी."