हनुवटीवरचं गोंदण

ताईचं लगन 1993च्या मे महिन्यात भातकुलीत, घरापुढच्या मांडवात झालं. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. म्हणून लग्नासाठी बाहेरून गोडं पाणी आणून ड्रम भरून ठेवले होते, आणि त्यांच्यावर राखण आजीची. पोट्टे हात धुवायला आले की ती काठी उगारायची. व्हिडिओवाल्यानं हॅलोजनचा उजेड तिच्या तोंडावर मारला, तेव्हा ती त्याच्यावरही खेकसली.

सहा वर्षांनी आजी गेली. मागं राहिला मतदार ओळखपत्रावरचा काळपट फोटो, आणि ती कॅसेट.

कॅसेट आईच्या लोखंडी पेटीत, लुगड्यांखाली पडून होती. मागच्या पावसाळ्यात आई म्हणाली, "डोये हायेत तवर दाखव रे बापू. बुढीले एकडाव पायतो."

काढून पाहिली तर आतल्या गुंडाळीवर पांढरी बुरशी. भिंतीला लोणा लागावा तशी. अशी कॅसेट तशीच लावली की बुरशी मशीनच्या हेडला चिकटते आणि तिथून चांगल्या कॅसेटलाही लागते. हे मी एक व्हीसीआर बिघडवून शिकलो. दुसरा जुना व्हीसीआर अमरावतीहून आणला. मग कॅसेटचे खालचे पाच स्क्रू काढले, तोंडाला फडकं बांधलं आणि अर्धा इंच रुंदीची ती पट्टी हातानं फिरवत कोरड्या मऊ कापडानं पुसत बसलो. दोन दिवस गेले. मशीनचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, पण आडवंच. उभं घासलं तर त्याचं नाजूक टोक मोडतं.

चित्र आलं, पण मधोमध मुरमुरे उडावेत तसा पांढरा पट्टा. पट्टीवर चित्राच्या रेघा तिरप्या असतात. हेड त्यांच्यावर नेमकं बसलं नाही की असं होतं. ट्रॅकिंगचं बटण हळूहळू दाबत तो पट्टा खाली ढकलून घालवला. मग नवरदेवाचा फेटा एका बाजूला वाकायला लागला. पट्टीचा ताण बिघडला की चित्राच्या ओळी वेळेवर येत नाहीत. जुना टीव्ही ते सांभाळून घेतो. कॉम्प्युटर मात्र गडबडतो, मधलं चित्रच गाळतो. एकाच्या सांगण्यावरून मधे जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला. त्यानं ओळी सरळ करून पुढं धाडल्या आणि फेटा ताठ झाला. तळाशी एक थरथरती रेघ राहिली. ती या कॅसेटींमध्ये असतेच. पूर्वी टीव्हीच्या चौकटीआड झाकली जायची.

इथंच थांबायला पाहिजे होतं. पण मले हाव सुटली. चित्रातली कुजबूज, दाणे, ठिपके, सगळं कॉम्प्युटरवर पुसून काढलं. आजीचा चेहरा कसा लख्ख झाला! मोठ्या हौसेनं आईला समोर बसवलं.

आई पाहत राहिली. मग म्हणाली, "हे कोन हाय?"

"आजी नाही का!"

"मंग हनुवटीवरचं गोंदन कुठी गेलं?"

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला दिसलं, मला दिसलं नव्हतं. आजीच्या हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके मशीननं खराबी समजून धुऊन टाकले होते. सुरकुत्याही गेल्या होत्या.

नशीब, मूळ उतरवलेली फाईल ठेवली होती. ती लावली. दाणेदार, जरा हलणारी. आजी ड्रमापाशी बसलेली, डोळ्यांवर हात धरून ओरडते : "माया तोंडावर काय उजेड मारतं बे? पान्याचा फोटो काढ, थे महाग हाय!"

आई हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. "आता आली बुढी," म्हणाली. "लाव, आनखी एकडाव लाव."

ती फाईल मी दोन ठिकाणी ठेवली आहे. धुतलेली पुसून टाकली.