एकोडीचा कागद, साकोलीचे कोर्ट

एखादा कागद खरा की खोटा हे न्यायालय बरेच नंतर ठरवते. त्याआधी तो वाचायचा तरी का, हे ठरते. पुरावा दाखल करून घेण्याचे नियम या पहिल्या प्रश्नासाठी आहेत. दीडशे वर्षे ते १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, गाभा बहुतांशी तोच राहिला. दिवाणी दाव्याला आणि फौजदारी खटल्याला हा कायदा एकच. फरक वजनाचा आहे : दिवाणीत कोणाची बाजू अधिक संभवनीय एवढे पाहतात, फौजदारीत वाजवी संशयाला जागा उरता कामा नये.

एकोडी हे भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्याचे गाव. धानाच्या या मुलखातला वाद बहुधा बांधीचा नाहीतर धुऱ्याचा असतो आणि त्याच्या मुळाशी भावाभावांची आपसी वाटणी असते. अशाच एका दाव्यात प्रस्तुत लेखक वाटणीपत्रावरचा साक्षीदार म्हणून साकोलीला पेशीवर गेला. वाटणीपत्र साध्या कागदावर, घरच्या बैठकीत लिहिलेले. खाली सह्या आणि एक अंगठा. गावात त्याबद्दल कोणी कधी शंका घेतली नव्हती. दिवाणी दाव्यात सरतपासणी शपथपत्रावरच होते, म्हणून साक्षीदाराची तयारी उलटतपासणीची असते; पण गाडी त्याआधीच अडली. कागदाला निशाणी पडण्यापूर्वी प्रतिपक्षाच्या वकीलसाहेबांनी हरकत घेतली, आणि त्या हरकतीत कागद खोटा असल्याचा शब्दही नव्हता. मुद्रांक नाही आणि नोंदणी नाही, एवढेच.

या दोन हरकती दिसायला सारख्या, पण त्यांचे परिणाम वेगळे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या ३४ व्या कलमाखाली अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त पुराव्यात घेता येत नाही. मात्र हा दोष पैसे भरून दूर होतो. कागद अटकावून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, शुल्क आणि दंड भरला की परत येतो. इतर बऱ्याच हरकती टिपून ठेवून त्यांचा निकाल शेवटी देता येतो. मुद्रांकाची हरकत मात्र तिथल्या तिथे निकाली काढावी लागते. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिपिन शांतिलाल पांचाल खटल्यात हा अपवाद स्पष्ट केला.

नोंदणीचा दोष असा दंड भरून जात नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची वाटणी ज्या दस्ताने होते, तो नोंदलेला हवा. नसेल तर वाटणीचा पुरावा म्हणून तो चालत नाही. ताबा कोणत्या स्वरूपाचा होता अशा आनुषंगिक गोष्टीपुरता पाहता येतो. पण १९७६ च्या काळे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक वाट मोकळी ठेवली आहे. वाटणी आधी तोंडी झाली असेल आणि कागद केवळ तिची आठवण म्हणून नंतर लिहिला असेल, तर नोंदणीची गरज नाही. म्हणून एकोडीच्या त्या दाव्यात साक्षीदाराला धुरा कुठे आहे याहून जास्त वेळ एकच गोष्ट विचारली गेली : भावांनी नांगर वेगळे केले ते बैठकीच्या आधी की नंतर? नियम ठाऊक नसलेल्याला हा प्रश्न अगदी बिनकामाचा वाटतो. सगळा दावा त्यावरच उभा होता.

सात-बाराकडे गाव शेवटचा शब्द म्हणून पाहते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाने अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची असते. पण तिच्यातून मालकी निर्माण होत नाही. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला तर त्यावरच्या सह्या खऱ्या धरता येतात, आणि घरातली पेटी हाही योग्य ताबा ठरू शकतो. झेरॉक्स हा दुय्यम पुरावा. मूळ का आणता येत नाही हे सांगितल्याशिवाय तो चालत नाही. ऐकीव साक्षीचे तर विचारूच नये. ‘आजोबा सांगायचे’ असे म्हटले की समोरचे वकील उठलेच.

मोबाइलमधल्या चित्रफितीचा नियम मराठी मुलखातल्याच एका खटल्यात पक्का झाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण. वारंवार मागूनही त्याचे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडून मिळाले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. पण मागणाऱ्याने शक्य ते सगळे करूनही ते मिळाले नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. उच्च न्यायालयाने रद्द ठरवलेली निवडणूक रद्दच राहिली. नव्या कायद्याच्या ६३ व्या कलमात या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा.

फौजदारीत दार अधिक अरुंद होते. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. कोठडीतल्या आरोपीने ‘कुऱ्हाड तणसीच्या ढिगात लपवली’ असे सांगितले आणि ती पंचांसमक्ष तिथे सापडली, तर ती सापडण्याशी जोडलेला भाग तेवढा चालतो. ‘तिनेच मारले’ हे शब्द गळतात. पंच फितूर होतात ते याच जागी. मृत्युपूर्व जबानी हा ऐकीव पुराव्याच्या नियमाला मोठा अपवाद आहे. जबानी देणारा शुद्धीवर होता असा डॉक्टरांचा दाखला नाही एवढ्यावरून ती बाद होत नाही, असे २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ठरले.

एक नियम मात्र पूर्व विदर्भातूनच बदलला. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने तिचे पूर्वीचे संबंध पाहून संमती गृहीत धरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर आंदोलन उभे राहिले. १९८३ मध्ये पुरावा कायद्यात ११४-अ कलम आले : पोलीस कोठडीतल्यासारख्या प्रकरणांत संभोग सिद्ध झाला आणि पीडितेने न्यायालयात संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरायचे. तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून साक्ष खोडण्याची तरतूद जायला मात्र २००२ ची दुरुस्ती उजाडावी लागली. संमतीच्या प्रश्नात पूर्वीचे संबंध गैरलागू ठरवणारे कलम २०१३ मध्ये आले. आता ते साक्ष अधिनियमाचे ४८ वे कलम आहे.