श्रीमंत गावांची वेस

श्रीमंत माणूस ओळखणे फारसे कठीण नाही. पण श्रीमंत गाव कसे ओळखावे? आपल्याकडे पूर्वी गावात माड्या किती, सराफाच्या पेढ्या किती, देवळाचा कळस कसा, यावरून लोक अंदाज बांधीत. अमेरिकेत हे काम सरकारचे जनगणना खाते करते. त्या खात्याच्या आकड्यांवरून मग वर्तमानपत्रे श्रीमंत गावांची यादी लावतात आणि पहिला कोण, दुसरा कोण, यावर आपल्याकडच्या दहावीच्या निकालासारखी चर्चा झडते.

२०२४ च्या उन्हाळ्यात भाच्याकडे सहा आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा या याद्यांशी माझा जवळून परिचय झाला. भाचा राहतो कनेक्टिकट राज्यातल्या स्टॅमफर्ड शहरात. न्यूयॉर्कपासून आगगाडीने तासाभराची वाट. जागा भाड्याची, मुलगी सहा वर्षांची, आणि आता स्वतःचे घर घ्यावे असा नवराबायकोचा बेत. "मामा, तुम्हीही चला. तिऱ्हाईताची नजर बरी असते," असे म्हणून दर रविवारी ती दोघे मला गाडीत घालून एकेक गाव दाखवीत. घर त्यांना घ्यायचे होते. मला फक्त बघायचे होते. त्यामुळे माझी चंगळ होती.

पहिल्या रविवारी गेलो स्कार्सडेलला. हे गाव शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात आहे. २०२० च्या जनगणनेप्रमाणे वस्ती १८,२५३, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. बाजारपेठेतल्या इमारती जुन्या इंग्रजी धाटणीच्या, गर्द झाडी, झाडीआड प्रशस्त घरे, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. २०२० साली ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने लावलेल्या यादीत कॅलिफोर्नियातले अ‍ॅथर्टन पहिले होते आणि हे स्कार्सडेल दुसरे.

आता गावाचे उत्पन्न मोजतात कसे, हेही सांगितले पाहिजे. गावातली सगळी कुटुंबे कमाईप्रमाणे एका रांगेत उभी करायची आणि बरोबर मधल्या कुटुंबाला त्याची मिळकत विचारायची. हे झाले मध्यम उत्पन्न. स्कार्सडेलच्या त्या मधल्या कुटुंबापाशी सरकारी तक्ता थबकतो. तिथे आकडाच नाही. नुसते लिहिले आहे, 'वर्षाला २,५०,००० डॉलर आणि त्याहून अधिक'. त्यापुढचे मध्यम उत्पन्न खाते छापीतच नाही. धान्य पुष्कळ आहे, पण दुकानदाराची वजने संपली, असा तो प्रकार. अडीच लाखांच्या रेषेपलीकडची सगळी गावे त्या तक्त्यात एका माळेचे मणी.

दुसऱ्या रविवारी ग्रीनविच. हे कनेक्टिकटच्या अगदी टोकाला, खाडीकाठी वसलेले. अमेरिकेत श्रीमंतीचा दाखला द्यायचा तर लोक या गावाचे नाव घेतात. १९९१ पर्यंत कनेक्टिकटमध्ये पगारावर राज्याचा आयकर नव्हता, त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये कमवावे आणि इथे राहावे, हे अनेकांना मानवले. पुढे बड्या धनिकांचे पैसे गुंतवणाऱ्या पेढ्याही इथेच आल्या. येथील 'कॉपर बीच फार्म' ही सुमारे ५० एकरांची वाडी २०१४ साली १२ कोटी डॉलरला विकली गेली. २०२३ साली ती पुन्हा विकली, तेव्हा किंमत १३ कोटी ८० लाखांच्या वर गेली होती.

आणि गंमत पाहा. २०१८ ते २०२२ च्या सरकारी पाहणीत या ग्रीनविचचे मध्यम उत्पन्न १,८०,००० डॉलरच्या आसपास. म्हणजे स्कार्सडेलच्या पुष्कळ खाली! मग ग्रीनविच गरीब म्हणायचे काय?

याचे उत्तर गाव हिंडल्यावर मिळाले. स्कार्सडेलमध्ये जवळजवळ सगळे एकाच तोलाचे: वकील, डॉक्टर, पेढ्यांतले वरिष्ठ अधिकारी. ग्रीनविच ६३,५१८ वस्तीचे. तिथे जसे कोट्यधीश आहेत, तशी चिकाहॉमिनी आणि बायरम या जुन्या कामकरी वस्त्यांतली माणसेही आहेत. ती रांगेत उभी राहिली की मधला माणूस खाली सरकतो. शिवाय पगार आणि संपत्ती या दोन निराळ्या चीजा. पगार दरसाल तक्त्यात येतो. आजोबांनी ठेवलेली जमीन आणि रोखे तिजोरीत स्वस्थ पडून असतात. मिळकतीच्या यादीत स्कार्सडेल वरचढ, दौलतीच्या यादीत ग्रीनविच. ज्याला जी यादी सोयीची, त्याने ती वाचावी.

गावाच्या उत्तरेकडे तर नियमच असा, की चार एकरांखालच्या जमिनीवर नवे घर बांधायचे नाही. चार एकर म्हणजे आपले १६० गुंठे! एवढ्या जागेत आमच्या पुण्यात चार सोसायट्या आणि वर एक मंगल कार्यालय सहज मावेल. 'गरिबाने येऊ नये' अशी पाटी गावाच्या वेशीवर लावण्याची गरज उरत नाही. गुंठ्यांचा हिशेब ते काम करतो. समुद्रकिनाऱ्यावर मात्र तशी बंदी उघड होती. गावच्या चौपाटीवर गावकऱ्यांखेरीज कोणी जायचे नाही, असा कायदा होता. धावायला आलेल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याला अडवले, तो कोर्टात गेला, आणि २००१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चौपाटी सर्वांना खुली केली. आता परगावचा माणूस तिकीट काढून जाऊ शकतो.

तिसऱ्या रविवारी मीच म्हटले, "आता एखादे गरीब गाव दाखव." भाचा हसला आणि त्याने गाडी ब्रिजपोर्टकडे वळवली. ग्रीनविचपासून सुमारे ४५ किलोमीटर. समुद्रकाठ तोच, आगगाडीची लाईन तीच. एके काळी हे कारखान्यांचे शहर. आपल्या आज्यांनी ज्या सिंगर मशीनवर परकर-पोलकी शिवली, त्या कंपनीचाही इथे मोठा कारखाना होता. पुढे कारखाने गेले आणि १९९१ साली शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यायालयाने तो फेटाळला, हा भाग वेगळा. २०२० च्या जनगणनेप्रमाणे वस्ती १,४८,६५४. मध्यम उत्पन्न ५५ हजारांच्या आसपास.

परत येताना भाचेसुनेने मला तिकडच्या घरपट्टीचे गणित समजावले, आणि मग मला या सगळ्या याद्यांतली मेख कळली. कनेक्टिकटमध्ये १६९ गावे, आणि प्रत्येक गाव आपली शाळा मुख्यतः आपल्या घरपट्टीवर चालवते. वर जिल्ह्यासारखी जी कौंटी असे, तिचे सरकार १९६० सालीच मोडीत काढले. घराच्या बाजारभावाच्या ७० टक्के किंमत धरायची आणि हजारी अमुक डॉलर कर घ्यायचा. २०२३-२४ साली हा दर ग्रीनविचमध्ये बाराच्या आसपास होता आणि ब्रिजपोर्टमध्ये त्रेचाळीसच्या वर.

समजा, घर पाच लाख डॉलरचे. कर बसणार साडेतीन लाखांवर. बारा दराने ४,२०० डॉलर; त्रेचाळीस दराने १५,०५०. तेवढ्याच किमतीच्या घराला गरीब गावात साडेतीन पट पट्टी! ग्रीनविचमध्ये पाच लाखांत घर मिळणे मुश्कील, हे खरे. पण म्हणूनच तर तिथला दर कमी. महाग घरांवर थोडा दर लावला तरी गावाची तिजोरी भरते आणि शाळा उत्तम चालते. शाळा उत्तम, म्हणून घरे आणखी महाग. ब्रिजपोर्टात हेच रहाटगाडगे उलटे फिरते. १९७७ साली 'हॉर्टन विरुद्ध मेस्किल' या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शाळांचा खर्च असा गावोगावच्या घरपट्टीवर सोडणे घटनेला धरून नाही. तेव्हापासून राज्य गरीब गावांना अनुदान देते. दरी थोडी बुजली. वेस जागच्या जागी आहे.

मला तेव्हा मुंबई आठवली. वांद्रे, पार्ले ही उपनगरे १९५० साली मुंबई महापालिकेत आली. त्यापुढची बोरिवली, मुलुंड १९५७ साली. त्यामुळे आज मलबार हिल आणि धारावी यांची घरपट्टी एकाच पेटीत पडते. याचा अर्थ धारावीच्या पोराला मलबार हिलची शाळा मिळते, असा मुळीच नव्हे. आपल्याकडे श्रीमंतांनी पालिकेची शाळाच सोडली आणि फी भरून वेगळी वेस बांधली. तिकडे फी नाही. ती घराच्या किमतीत आगाऊ वसूल होते, एवढाच फरक.

"पण मामा, आम्ही काय करायचे?" भाचेसून म्हणाली. "पोरीला चांगली शाळा नको का? आणि तिच्यासाठी आम्ही जास्त पैसे मोजले, की ती भिंत आम्हीच एका विटेने उंच केली." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, जी गोष्ट तिला रोज दिसत होती, ती तिने सांगितली. माझ्यापाशी उत्तर नव्हते. कोणत्याही आईबापाला 'तू तुझे मूल मागे ठेव' असे कोणी सांगू शकत नाही.

दिवाळीच्या सुमारास भाच्याचा फोन आला. त्यांनी स्टॅमफर्डमध्येच लहानसे घर घेतले. त्या शहरात उत्तरेला बंगले आहेत, दक्षिणेला चाकरमान्यांच्या इमारती आहेत, आणि दोहोंतली मुले एकाच शिक्षण मंडळाच्या शाळांत जातात. श्रीमंत गावांच्या यादीत स्टॅमफर्डचा नंबर कितवा, हे मी विचारले नाही. पोरीच्या वर्गात कोण कोण आहे, एवढे विचारले. त्याने नावे सांगितली. त्यातली निम्मी मला उच्चारता आली नाहीत, आणि मला फार बरे वाटले.